शेतकऱ्याच्या सवडीची शाळा

शेतीचे वर्ष व शाळेचे वर्ष ही दोन निरनिराळ्या पंचांगांवर चालणारी वर्षे होत. आमच्या कंधार भागात शेतीचे वर्ष पाडव्यास सुरू होते. त्या दिवशी सालगड्याचा जुना करार संपतो व नवा ठरतो. शाळेचे वर्ष जून महिन्यात, म्हणजे ऐन मृगाच्या घाईत, उघडते. सोयाबीनची काढणी व कापसाची वेचणी यांची गर्दी उडते, त्याच सुमारास सहामाही परीक्षा येऊन ठेपते. आणि वैशाखात शेत मोकळे पडते, माणूस सावलीस बसतो, तेव्हा शाळेस कुलूप असते. जी गोष्ट वर्षाची तीच दिवसाची. गुरे दावणीतून सुटण्याची वेळ व शाळेची घंटा वाजण्याची वेळ या दोन्ही जवळजवळ एकच. ज्या घरी गुरे राखण्यास दुसरे माणूस नाही, त्या घरच्या मुलास या दोहोंपैकी एकीचाच स्वीकार करावा लागतो, आणि तो कोणता होतो हे सांगावयास नको.

यात शाळेचा दोष आहे असे आमचे म्हणणे नाही. एक ठरावीक वेळ, एक ठरावीक वय व एक ठरावीक क्रम धरल्यावाचून हजारो शाळांचा कारभार चालणे शक्य नाही. परंतु अशा कारभारात जे बसत नाहीत, त्यांनी अडाणीच राहावे काय, हा प्रश्न उरतोच. महसूल खात्यात कारकुनी करण्यात आमचे आयुष्य गेले. या प्रश्नाचे उत्तर न मिळाल्यामुळे शेतकऱ्याचे जे नुकसान होते, ते आम्ही कागदावर पाहिले आहे. म्हणून या मासिकाच्या वाचकांपुढे हा विषय थोडा विस्ताराने मांडावा असे योजिले आहे.

अंगठ्याची किंमत

सन २०११ च्या जनगणनेत नांदेड जिल्ह्याचे साक्षरतेचे प्रमाण शेकडा ७५.४५ निघाले, साऱ्या महाराष्ट्राचे शेकडा ८२.३४ होते. म्हणजे सात वर्षांवरील दर चार माणसांत सुमारे एक माणूस आमच्या जिल्ह्यात निरक्षर होता. त्यातही बायकांचा आकडा पुरुषांहून पुष्कळ खाली. हा आकडा नुसता वाचून कोणाच्या मनास फारसे लागत नाही. तो एका घरात उतरला म्हणजे काय होते, हे एका उदाहरणाने सांगतो. गावाचे व माणसांचे नाव येथे देत नाही.

एक शेतकरी अकाली वारला. मागे पत्नी व तीन लहान मुले. जमीन सामाईक, दीर दोन. वारसाचा फेरफार नोंदविला गेला, त्यात दिरांच्या सांगण्यावरून तिचे व मुलांचे नाव गळाले. कायद्याप्रमाणे नोटीस निघाली. हरकत घेण्यास पंधरा दिवसांची मुदत असते. बाईने नोटिशीच्या स्थळप्रतीवर अंगठा केला व हाती आलेला कागद देव्हाऱ्यामागे जपून ठेवला. सरकारी कागद आहे, म्हणजे आपल्या नावाचाच असेल, अशी तिची समजूत. थोरली मुलगी दहा वर्षांची होती, पण ती तिसरीतून निघून म्हशीमागे लागलेली. तिला जोडाक्षरे लागत नव्हती. पंधरा दिवस गेले, हरकत आली नाही, नोंद प्रमाणित झाली. पुढे पीककर्जासाठी ती पतपेढीत गेली, तेव्हा सातबाऱ्यावर आपण नाही हे तिला कळले. अपिलाची मुदत साठ दिवसांची. तीही केव्हाच टळलेली. मग विलंब माफ करण्याचा अर्ज, वकील, तारखा, जिल्ह्याच्या खेपा. चार वर्षांनी नाव लागले. त्या चार वर्षांत दुभती म्हैस व लाल कंधारी बैलांची जोडी विकली गेली होती. एका पानाची नोटीस घरात कोणी वाचून दाखविली असती, तर एका साध्या हरकत अर्जावर सारे निभावले असते.

कोणी म्हणेल, हा जुना काळ झाला. आता सातबारा संगणकावर आहे. खरे आहे. परंतु कागद संगणकावर गेल्याने वाचावयाचे काम कमी झालेले नाही, उलट वाढले आहे. सन २०२१ च्या १५ ऑगस्टपासून ई-पीक पाहणी आली, व आपल्या शेतातील पिकाची नोंद मोबाईलवर आपणच करावी असे झाले. पूर्वी ही नोंद तलाठी करीत असे. ज्यास अक्षर येते त्यास ही सोय झाली. ज्यास येत नाही त्याने आपला मोबाईल दुसऱ्याच्या हाती द्यावयाचा व तो जे भरील ते आपले पीक मानावयाचे. पूर्वी अंगठा शाईत बुडत असे, आता तो यंत्रावर टेकतो. परावलंबन तेच.

आणि हे केवळ जमिनीपुरते नाही. औषधाच्या डब्यावर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो: तांबडा अतिजहाल विषाचा, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, व सर्वांत सौम्य हिरवा. सन २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसाहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्यास कारणे अनेक होती. परंतु डब्यावरील सूचना वाचता येणे, व कोणती दोन औषधे एकत्र करू नयेत हे समजणे, हे शेतकऱ्याच्या जिवाशी निगडित आहे, हे त्या वर्षी साऱ्या राज्यास कळून चुकले. बियाण्याच्या पिशवीवरील खूणचिठ्ठी निळी म्हणजे प्रमाणित बियाणे, पांढरी म्हणजे पायाभूत, बाजारातील काटापट्टी, सावकाराचे दरमहा शेकडा तीन, म्हणजे वर्षास शेकडा छत्तीस, ही सारी शेतकऱ्याची क्रमिक पुस्तके होत. ती शाळेत शिकविली जात नाहीत, आणि शाळा सुटलेल्यास शिकविणारे कोणी नाही.

पूर्वी झालेले प्रयत्न

शाळेबाहेरच्यांसाठी शाळा हा विचार नवा नाही. महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई यांनी सन १८५५ मध्ये पुण्यास शेतकरी व मजूर यांच्यासाठी रात्रीची शाळा काढली. पुढे सन १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी सांगितले की, खेड्यातील शाळांचे शिक्षक शक्यतो शेतकरीवर्गातील असावेत, आणि अभ्यासक्रमात मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, शेती व आरोग्य यांची माहिती असावी. त्या काळी महसुलाचे सारे दप्तर मोडीत असे. मोडी शिकविणे म्हणजे रयतेस आपला कागद आपण वाचता यावा अशी तजवीज करणे होय. दीडशे वर्षांपूर्वीची ही मागणी आजच्या भाषेत मांडावयाची, तर मोडीच्या जागी सातबारा व मोबाईल एवढाच फेर करावा लागेल.

मराठवाड्याची स्थिती यापेक्षा बिकट होती. निजामी राज्यात वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू, शाळा तुरळक व खाजगी शाळांवर सरकारची नजर कडक. अशा काळात सन १९२१ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परगा येथे राष्ट्रीय शाळा निघाली, व स्वामी रामानंद तीर्थ यांनी तेथे अध्यापन केले. सन १९४८ च्या १७ सप्टेंबरास हैदराबाद संस्थान मुक्त झाल्यावर शिक्षणास वाट मोकळी झाली. आमच्या कंधारात भाई केशवराव धोंडगे यांनी श्री शिवाजी मोफत एज्युकेशन सोसायटी उभारली. संस्थेच्या नावातच 'मोफत' हा शब्द घातला, यावरून ती कोणासाठी काढली हे उघड होते. मन्याडखोऱ्यातील कितीतरी शेतकऱ्यांची मुले या संस्थेच्या शाळांतून पुढे आली. सन २०२३ च्या १ जानेवारीस भाई निवर्तले. त्यांच्या कार्यातील एक गोष्ट आमच्या विषयाशी फार जवळची आहे. गुराखी हा अडाणी समजला जाणारा माणूस. पण त्याच्यापाशी गाणी, कोडी, वनस्पतींची व गुरांची माहिती असते, हे ओळखून त्यांनी गुराख्यांचे साहित्य संमेलन भरविले. गुराख्यास व्यासपीठावर बसविणे, त्याच्यापाशी जे ज्ञान आहे त्यास ज्ञान म्हणणे, ही शिक्षणाची पहिली पायरी होय. ज्यास आपण मूर्ख ठरविले तो आपल्यापाशी शिकावयास का येईल?

गुराख्याच्या शाळेचा दुसरा प्रयोग कोकणपट्टीत झाला. ताराबाई मोडक यांनी सन १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापिला. सन १९४५ पासून त्या व अनुताई वाघ यांनी बोर्डी येथे व पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये काम केले. तेथे त्यांस आढळले की, मोठी मुले दिवसभर गुरांमागे असतात, ती शाळेत येणे शक्य नाही. तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली. शिक्षकाने गुराख्यांबरोबर रानात जावे, गुरे चरत असता झाडाखाली मुले जमवावी, पाने, बिया, खडे घेऊन मोजणी शिकवावी, व गुरे पांगली की मुलांनी उठून ती वळवून आणावी. या शाळेस 'कुरणशाळा' असे यथार्थ नाव मिळाले. आमच्या भागात गायराने आहेत, लाल कंधारी गुरे आहेत, गुराखी मुलेही आहेत. कुरणशाळा मात्र आमच्या पाहण्यात नाही.

तिसरा प्रयोग पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचा. ही संस्था जे. पी. नाईक यांनी सन १९४८ मध्ये स्थापिली. सन १९७९ पासून तिने डॉ. चित्रा नाईक यांच्या मार्गदर्शनाखाली पुणे जिल्ह्यातील खेड्यांत, दिवसा काम करणाऱ्या नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी रात्रीचे वर्ग चालविले. वर्ग रोज सुमारे दोन तासांचा. वेळ गावाने ठरवावयाची, शिक्षकही शक्यतो त्याच गावचा घ्यावयाचा. दिवसा भावंडे सांभाळणाऱ्या व पाणी भरणाऱ्या मुलींची संख्या या वर्गांत मोठी होती. परीक्षेच्या ऐवजी बालजत्रा भरवीत, व जत्रेतल्या खेळांतूनच कोणास किती आले हे पारखीत. परीक्षेची धास्ती घेऊन शाळा सोडणारी मुले ज्याने पाहिली आहेत, त्यास यातील शहाणपण सहज कळेल.

प्रौढांसाठी सातारा जिल्ह्याने सन १९५९ मध्ये ग्रामशिक्षण मोहीम काढली, व ती पुढे राज्यभर नेण्यात आली. तिचे मर्म असे की, निरक्षरता ही एकेका माणसाची लाज न मानता साऱ्या गावाचे कर्ज मानली गेली. गावातील शिकलेल्यांनी न शिकलेल्यांस शिकवावयाचे, व सारे गाव साक्षर झाले म्हणजे ग्रामगौरव समारंभ करावयाचा. त्याच साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी सन १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करून 'कमवा व शिका' हा मार्ग आधीच घालून दिला होता. मुलाने शेतात व वसतिगृहात श्रम करावेत, त्यावर आपला खर्च भागवावा व शिकावे. श्रमाची लाज व शिक्षणाची भीती दोन्ही एकदम घालवावीत, असा तो मार्ग.

डेन्मार्कच्या शेतकऱ्याची गोष्ट

परदेशातील एक उदाहरण सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण ते निव्वळ शेतकऱ्यांचे आहे. युरोपात डेन्मार्क नावाचा लहानसा देश आहे. तेथे ग्रुंटविग नावाच्या धर्मोपदेशकाने असे प्रतिपादिले की, शेतकऱ्याच्या तरुण मुलांसाठी लॅटिन घोकविणारी शाळा नको, तर मातृभाषेतून बोलणारी, परीक्षा नसणारी लोकशाळा हवी. त्याप्रमाणे सन १८४४ मध्ये र्‍योडिंग या गावी पहिली लोकशाळा निघाली. सन १८५१ मध्ये क्रिस्टेन कोल्ड याने अगदी साध्या शेतकऱ्यांस परवडेल अशी शाळा काढली. हा कोल्ड चांभाराचा मुलगा. या शाळांचे वेळापत्रक पाहण्यासारखे आहे. हिवाळ्यात शेते बर्फाखाली असत, तेव्हा पाच महिने तरुण पुरुषांसाठी. उन्हाळ्यात तीन महिने तरुण स्त्रियांसाठी. विद्यार्थी शाळेतच राहत, शिक्षकांच्या पंक्तीस जेवत, इतिहास व देशस्थिती ऐकत, वाद घालीत व गाणी म्हणत.

पुढे अमेरिकेचे स्वस्त धान्य युरोपात येऊन पडले व डॅनिश शेतकऱ्याच्या गव्हास भाव मिळेनासा झाला. तेव्हा तो हातपाय गाळून बसला नाही. तो दुधाकडे वळला. सन १८८२ मध्ये ह्येडिंग येथे पहिली सहकारी दुग्धशाळा निघाली, व थोड्याच वर्षांत अशा शेकडो झाल्या. लहान व मोठ्या शेतकऱ्याचे दूध एकाच भांड्यात ओतणे, हिशेब सर्वांपुढे मांडणे, चिटणीस आपल्यातूनच निवडणे, याला जे धैर्य व विश्वास लागतो, तो लोकशाळांनी तयार केला होता, असे त्या देशाचे इतिहासकार सांगतात. सोसायट्यांच्या सभेत मागे बसून 'ठराव मंजूर' एवढेच म्हणणाऱ्या आमच्या सभासदबंधूंनी या गोष्टीचा विचार करावा.

शेतीचेच शिक्षण शेतात देण्याची एक आणखी रीत आहे, व ती आपल्याकडेही आली आहे. सन १९८९ मध्ये इंडोनेशियात भातावरील तपकिरी तुडतुड्यांच्या उपद्रवावरून शेतीशाळा निघाल्या. पंचवीस-तीस शेतकऱ्यांनी हंगामभर, दर आठवड्यास एकाच शेतावर जमावयाचे, झाडावरचे किडे व त्यांस खाणारे मित्रकिडे मोजावयाचे, त्यांचे चित्र काढावयाचे, व फवारावे की नाही हे आपसांत ठरवावयाचे. नांदेड जिल्ह्यातही सोयाबीन, तूर व कापूस यांच्या अशा शेतीशाळा कृषी खात्याने भरविल्या आहेत. कापसावरील गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळा लावला, व एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले म्हणजे उपाय करण्याची वेळ आली, हा नियम ज्याने आपल्या हाताने मोजून शिकला, तो शेजाऱ्याने फवारले म्हणून फवारीत नाही. येथे गणित आहे, निरीक्षण आहे, वादविवाद आहे. फक्त भिंती नाहीत.

आक्षेप व त्यांचा विचार

या मार्गावर जे आक्षेप घेतले जातात, ते पोकळ नाहीत.

पहिला आक्षेप असा की, मुलांसाठी रात्रीची शाळा काढणे म्हणजे दिवसा त्यांस कामास जुंपण्यास संमती देणे होय. हा आक्षेप आम्हास मान्य आहे. शिक्षणहक्काचा कायदा सन २०१० च्या १ एप्रिलपासून अमलात आला. त्याप्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाची जागा पूर्णवेळ शाळेत आहे, आणि मध्येच शाळा सुटलेल्या मुलास त्याच्या वयाच्या वर्गात बसवून विशेष शिक्षण देण्याची तरतूद त्यात आहे. यास्तव कुरणशाळा वा रात्रीचा वर्ग हा शाळेचा पर्याय नव्हे, तर शाळेकडे नेणारा पूल समजावा. गुराखी मुलास सहा महिने कुरणात शिकवून सातव्या महिन्यात त्यास वर्गात बसवावयाचे, हे ध्येय असावे. आणि गुरांचे काय? गावाने मिळून एक प्रौढ गुराखी वेतनावर ठेवणे हे फार जुने व सोपे उत्तर आहे. पूर्वी गावोगाव अशी गायकी असे. दहा घरांनी थोडे थोडे दिले तर दहा मुले मोकळी होतात.

ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न याहून कठीण. कंधार, लोहा, मुखेड या भागांतून दसरा-दिवाळीनंतर बैलगाड्या व ट्रॅक्टर कारखान्यांकडे निघतात, ते उन्हाळा लागल्यावर परततात. म्हणजे शाळेच्या वर्षाचा मधला गाभाच नाहीसा होतो. यासाठी गावातच मुलांस ठेवून घेणाऱ्या हंगामी वसतिगृहांची योजना निघाली. तिचा कणा म्हणजे आजी-आजोबा व चुलत्या-मावश्या. आई आपले लेकरू कोणाच्या भरवशावर ठेवून जाणार, हा कळीचा प्रश्न असतो. तो भरवसा परगावचा अधिकारी देऊ शकत नाही, गावच देऊ शकते.

दुसरा आक्षेप असा की, असे शिक्षण दुय्यम दर्जाचे ठरते. गरिबास रात्रीचा कंदील व श्रीमंतास दिवसाची शाळा. यास उत्तर एकच: शेवटचा दाखला एकच असावा. तसे मार्ग आज आहेत. राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या परीक्षेस सतरा नंबरचा अर्ज भरून खाजगी रीतीने बसता येते, व मिळणारे प्रमाणपत्र मंडळाचेच असते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था सन १९८९ मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालय या नावाने निघाली. तिच्या दहावीस चौदा वर्षे पुरी झालेल्या कोणासही प्रवेश मिळतो, व सारे विषय एकदम न देता पाच वर्षांत, विषयवार, नऊ संधींत पुरे करता येतात. ज्या सुनेस एका वर्षी बाळंतपण व दुसऱ्या वर्षी दुष्काळ आडवा येतो, तिच्यासाठी ही सवलत म्हणजे मोठाच आधार होय. त्याच १९८९ साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, व नोकरी-शेती सांभाळून पदवी घेणे सामान्य माणसाच्या आटोक्यात आले.

तिसरा आक्षेप आमच्या मते सर्वांत खरा आहे: प्रौढ शिकतात व पुन्हा विसरतात. मोहीम येते, सही शिकविली जाते, छायाचित्र निघते, व दोन वर्षांनी पुन्हा अंगठा. याचे कारण बुद्धिमांद्य नव्हे. नांगराचा फाळ वापरला नाही तर गंजतो, अक्षराचेही तसेच. शिकल्यावर वाचावयास काय दिले? 'कमळ' व 'बगळा' यांवर चाळीस वर्षांच्या माणसाचे मन बसत नाही. त्यास त्याचा स्वतःचा आठ-अ द्यावा, त्याच्या खात्याचे पासबुक द्यावे, त्याच्या विजेचे देयक द्यावे. जे वाचल्याने चार पैसे वाचतात ते माणूस विसरत नाही.

आपल्या सोसायटीने काय करावे

केंद्र सरकारचा नवभारत साक्षरता कार्यक्रम, ज्यास 'उल्लास' असेही म्हणतात, तो सन २०२२ ते २०२७ या पाच वर्षांसाठी मंजूर झाला. पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी तो असून स्वयंसेवकांच्या बळावर चालतो. वाचन, लेखन व गणित यांची प्रत्येकी पन्नास, अशी एकूण दीडशे गुणांची चाचणी त्यात घेतात व उत्तीर्णांस प्रमाणपत्र देतात. अशी चौकट आयती असता नवे काही निर्माण करावयाचे नाही. फक्त तीत आपल्या शेतीचा आशय घालावयाचा आहे. आमची सूचना पुढीलप्रमाणे आहे.

वर्गाचा काळ गुढीपाडवा ते मृग हा धरावा. लग्नसराई व जत्रांचे दिवस वजा जाता साठ बैठका सहज होतात. प्रत्येक बैठक दीड तासाची असावी. पुरुषांची रात्रीच्या जेवणानंतर, बायकांची दुपारी दोन ते साडेतीन. एका वर्गात वीसाहून अधिक माणसे नसावीत. जागा मारुतीचा पार, सोसायटीचे गोदाम किंवा कोणाचा आखाडा चालेल. शाळेची खोलीच हवी असे नाही, कारण पुष्कळ प्रौढांस त्या खोलीची लहानपणीची भीती असते.

पहिल्या वीस बैठकांत स्वतःचे, कुटुंबाचे व गावाचे नाव, गट नंबर, व अंक. दुसऱ्या वीस बैठकांत सातबारा, आठ-अ, फेरफाराची नोटीस, पासबुक व काटापट्टी. नोटिशीत तीन गोष्टी प्रथम पाहाव्यात: कोणाची नावे आली व कोणाची गळाली, गट व क्षेत्र बरोबर आहे काय, आणि हरकतीचा शेवटचा दिवस कोणता. एवढे ज्यास आले तो लुटला जाणार नाही. तिसऱ्या वीस बैठकांत औषधाचा डबा, बियाण्याची चिठ्ठी, व्याजाचा हिशेब, मोबाईलवरील पीक पाहणी, आणि बियाण्याची उगवण घरी तपासणे. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवले ते मोजावयाचे, व सोयाबीनचे सत्तरांहून कमी उगवले तर बियाण्याचे प्रमाण वाढवावयाचे किंवा ते बियाणेच टाळावयाचे. शेकडेवारी शिकविण्यास याहून चांगले साधन आम्हास ठाऊक नाही.

शिकवावयास गावातील दहावी-बारावी झालेली मुलेमुली घ्यावीत. सुटीत ती मोकळीच असतात. त्यांस सोसायटीने लहानसे मानधन द्यावे, व महिन्यातून एकदा तलाठी, कृषी सहायक, पतपेढीचा चिटणीस व परिचारिका यांपैकी एकास वर्गात बोलवावे. सेवानिवृत्त कारकून, शिक्षक व पोस्टमन प्रत्येक मोठ्या गावात दोन-चार तरी असतातच. दप्तर वाचण्याची जी विद्या आम्ही सरकारी पगारावर मिळविली, ती घरी घेऊन बसण्यापेक्षा पारावर उघडणे बरे. कंधार येथील वर्गासाठी आठवड्यातून दोन संध्याकाळी देण्यास प्रस्तुत लेखक तयार आहे.

खर्चाचे म्हणाल तर खडू, फळा, दिवा, पाट्या व मानधन मिळून एका वर्गास जे लागेल, ते एका साध्या लग्नातील मांडवाच्या भाड्याहून फार नसावे. सोसायटीच्या नफ्यातून शिक्षणासाठी काही रक्कम बाजूस काढण्याचा प्रघात सहकारात जुना आहे. ती रक्कम सत्कारात व हारतुऱ्यांत न जाता येथे यावी, एवढीच विनंती. येत्या वार्षिक सभेत हा ठराव कोणी तरी मांडावा व तो वाचून, समजून, मग मंजूर करावा.

राष्ट्रकूटांच्या काळी या कंधारात जगत्तुंग समुद्र नावाचा तलाव बांधला गेला. हजाराहून अधिक वर्षे लोटली तरी त्याचे पाणी आम्ही पाहतो. पाऊस चार महिन्यांचा, पण अडविला म्हणून तो वर्षभर पुरतो. शेतकऱ्याची सवडही अशीच थोड्या दिवसांची असते. ती बांध घालून अडविली तर तिच्यावर पुढची पिढी भिजेल. नाही तर दर वर्षीप्रमाणे ती वैशाखाच्या उन्हात वाहून जाईल. पाडव्यास फार दिवस नाहीत. आपल्या गावात नोटीस वाचता न येणाऱ्या माणसांची यादी आजच करावयास घ्यावी, म्हणजे वर्ग किती लागतील ते कळेल.